नाकापुढची सळई : वायुरोध, उष्णता आणि एक सोयीची कथा

धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा. विषय आहे अतिवेगवान क्षेपणास्त्रांच्या बोथट नाकापुढे बसवली जाणारी एक साधी सळई. इंग्रजीत तिला ‘एरोस्पाइक’ म्हणतात. तंत्रज्ञानाच्या इतिहासावरील लोकप्रिय लेखनात तिचा निकाल दोन वाक्यांत लावला जातो : १९५० च्या दशकात शास्त्रज्ञांनी बोथट नाकाचा शोध लावला आणि उष्णतेचा प्रश्न सुटला, मात्र त्यामुळे वायुरोध वाढला, म्हणून नाकापुढे सळई बसवली आणि तोही प्रश्न सुटला. कथा सुटसुटीत आहे. एक पायरी, मग दुसरी पायरी, मग यश. अडचण एवढीच की तिचा क्रम चुकीचा आहे आणि तिच्यातील ‘म्हणून’ हा शब्द तर पूर्णपणे खोटा आहे.

माझे म्हणणे असे : बोथट नाक आणि सळई ही एकाच घराण्यातील आई आणि मुलगी नव्हेत. दोन निरनिराळ्या गरजांतून आलेली ती दोन उत्तरे आहेत आणि मुळात ती एकमेकींकडे पाठ करून उभी आहेत. एकीला वायुरोध हवा असतो, दुसरीला तो नकोसा असतो. हे लक्षात घेतले नाही तर सळईचा खरा इतिहास हातून निसटतो. आणि तो इतिहास प्रयोगशाळेइतकाच पाणबुडीच्या नळकांड्यात आणि स्पेनमधील एका नौदल तळावर घडलेला आहे.

आधी पार्श्वभूमी. बंदुकीच्या गोळीपुढे हवा नेमके काय करते हे माणसाने प्रथम डोळ्यांनी पाहिले ते १८८० च्या दशकात. १८७० च्या फ्रँको-प्रशियन युद्धानंतर एक कटू वाद उभा राहिला होता. जखमांचे खड्डे इतके मोठे होते की शत्रूने स्फोटक गोळ्या वापरल्या असाव्यात, असा आरोप झाला. बेल्जियन शास्त्रज्ञ मेल्सेन्स यांनी निराळे मत मांडले : गोळी आपल्यापुढे दाबलेल्या हवेचा गोळा ढकलत नेते, आणि जखम करतो तो हा गोळा. प्राग येथील अर्न्स्ट माख यांना ही कल्पना तपासावीशी वाटली. प्रत्यक्ष छायाचित्रे घेतली पीटर साल्शर यांनी, फ्यूम येथील नौदल अकादमीत (हे शहर म्हणजे आजच्या क्रोएशियातील रियेका). १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या छायाचित्रांत स्वनातीत गोळीच्या पुढे धनुष्याच्या आकाराची एक गडद रेघ दिसते. हाच आघाततरंग. पुढचे सारे या रेघेविषयी आहे, म्हणून ती नजरेसमोर ठेवावी.

गोळीचे नाक बोथट असेल तर ही रेघ नाकाला चिकटत नाही. थोडे अंतर राखून पुढे उभी राहते. नाकाच्या अगदी समोर ती प्रवाहाला काटकोनात असते आणि तेथेच ती सर्वांत प्रबळ असते. किती प्रबळ? ध्वनीच्या सहापट वेगाने येणारी हवा असा काटकोनी तरंग ओलांडते, तेव्हा तिचा दाब एका क्षणात ४० पटींहून अधिक वाढतो. हवा तापते, दाटते आणि नाकावर भिंतीसारखी रेलते. वायुरोधाचा मोठा हिस्सा या रेलण्यातून येतो.

आता १९५१. अमेरिकेची ‘नाका’ ही वैमानिकी संशोधन समिती (नासाची पूर्वज, मराठीत तिच्या नावावर कोटी करण्याचा मोह मी आवरतो), तिची कॅलिफोर्नियातील एम्स प्रयोगशाळा, आणि तेथील एच. ज्युलियन अ‍ॅलन. प्रश्न लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा होता. अवकाशातून वातावरणात परतणारे अण्वस्त्र वितळू नये यासाठी त्याचा आकार कसा असावा? तोवरची सहजबुद्धी सांगे : टोकदार. वेगवान वस्तू म्हटली की बाण, भाला, सुई याच प्रतिमा मनात येतात. अ‍ॅलन यांनी उलट उत्तर दिले : बोथट.

त्यांच्या आणि आल्फ्रेड एगर्स यांच्या विश्लेषणातील एक निष्कर्ष मला या साऱ्या इतिहासाची किल्ली वाटतो. पृथ्वीभोवतीच्या कक्षेत सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर वेगाने फिरणाऱ्या वस्तूच्या प्रत्येक किलोग्रॅममध्ये सुमारे ३० मेगाज्यूल गतिज ऊर्जा असते, म्हणजे तेवढ्याच वजनाच्या टीएनटीच्या साधारण सातपट. थांबायचे तर ही ऊर्जा कोठेतरी टाकावी लागते. अ‍ॅलन आणि एगर्स यांनी दाखवले की तिच्यापैकी किती भाग यानाच्या अंगात शिरेल हे एका गुणोत्तरावर ठरते : घासण्यातून निर्माण होणारा वायुरोध एकूण वायुरोधाच्या किती हिस्सा आहे, यावर. घासण्याचा हिस्सा जेवढा लहान, तेवढी यानाच्या वाट्याला येणारी उष्णता कमी. टोकदार शरीरावर हवा घासत जाते आणि उष्णता अंगातच मुरते. बोथट शरीर पुढे प्रचंड आघाततरंग उभा करते, आणि ऊर्जा मुख्यतः त्या तरंगातील हवेला तापवण्यात खर्च होते. ती तापलेली हवा मग बाजूने निघून जाते.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. येथे वायुरोध ही बोथट नाकाची दुर्दैवी किंमत नाही; तीच त्याची ढाल आहे. परतणाऱ्या यानाला वायुरोध हवाच असतो, जितका अधिक तितका बरा. मर्क्युरी, जेमिनी, अपोलो या अवकाशकुप्यांचे रुंद, चपटे बूड पुढे करून परतणे याच तत्त्वावर होते. अपोलो तर चंद्राहून सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेगाने येत असे. त्या कुप्यांपुढे सळई बसवून वायुरोध कमी करण्याची कल्पना म्हणजे धावत्या बैलगाडीचा लगाम सोडून देण्यासारखी झाली असती.

अ‍ॅलन-एगर्स यांचा अहवाल १९५३ साली तयार झाला तो गोपनीय म्हणून. खुलेपणाने प्रसिद्ध व्हायला १९५० च्या दशकाची अखेर उजाडली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही दोन्ही वर्षे जपून ठेवावीत. कल्पना सुचण्याचे वर्ष, ती कागदावर येण्याचे वर्ष आणि ती जगाला कळण्याचे वर्ष ही वेगवेगळी असली की नंतरच्या लेखकांच्या हातून कारण-परिणामांची साखळी फार सहज उलटसुलट जुळवली जाते.

सळईच्या बाबतीत अगदी हेच झाले. बोथट नाक आधी आणि सळई नंतर, हे आपण गृहीत धरतो. पण नाकाच्याच लँग्ली प्रयोगशाळेचा एक अहवाल १९४७ चा आहे. बोथट शरीरापुढे शंकूच्या आकाराचा वातरोधक बसवला तर स्वनातीत वेगात वायुरोध किती बदलतो, याची चाचणी त्यात नोंदवली आहे. १९४७, म्हणजे अ‍ॅलन यांच्या कल्पनेच्या चार वर्षे आधी. १९५१ आणि १९५२ मध्ये बोथट नाकापुढील सळया व दांड्यांवर अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये आणखी प्रयोग प्रसिद्ध झाले. सळई ही बोथट नाकाची मुलगी तर नाहीच. वयाने ती मोठी आहे. तिच्या जन्माशी अवकाशातून परतण्याचा संबंध नव्हता. तिच्यापुढे साधा, जुना, सैनिकी प्रश्न होता : काही कारणाने एखाद्या वस्तूचे नाक बोथटच ठेवावे लागत असेल, तर ती अधिक वेगाने कशी पळवावी?

ती काम कशी करते, हे पाहिले की या प्रश्नाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. बोथट नाकाच्या मध्यातून पुढे एक बारीक सळई काढली की आघाततरंग सर्वप्रथम सळईच्या टोकाशी तयार होतो. टोक बारीक असल्याने हा तरंग तिरपा आणि सौम्य असतो. सळईच्या अंगावरून वाहणारा हवेचा पातळ सीमास्तर मागच्या नाकावरील भारी दाबाला तोंड देऊ शकत नाही. तो सळईपासून सुटतो आणि छत्रीसारखा पसरत नाकाच्या खांद्यापाशी पुन्हा अंगाला येऊन मिळतो. या छत्रीच्या आत मंद, घोटाळत फिरणाऱ्या हवेचा एक शंकू अडकून पडतो. बाहेरच्या प्रवाहाच्या दृष्टीने आता समोर बोथट नाक उरतच नाही. त्याला दिसतो तो हा हवेचा निमुळता शंकू. धातूचे नाक तसेच असते, पण हवेने त्याला निमुळता मुखवटा चढवलेला असतो. नाकावरचा दाब घसरतो, आणि त्याबरोबर वायुरोधही.

युक्ती देखणी आहे यात शंका नाही. पण अ‍ॅलन-एगर्स यांचा निष्कर्ष आठवा. सळईने दाबामुळे होणारा वायुरोध कमी केला, म्हणजे घासण्याचा हिस्सा तुलनेने वाढला. मग उष्णतेचे काय?

येथे माझ्या मते या इतिहासातील सर्वांत रोचक, आणि सर्वांत कमी सांगितले जाणारे, प्रकरण सुरू होते. १९५४ साली त्याच एम्स प्रयोगशाळेतून स्टाल्डर आणि नील्सन यांचा अहवाल आला. अर्धगोल नाकाच्या दंडगोलापुढे सळया बसवून त्यांनी उष्णतेचे मापन केले होते. वायुरोध घटला, पण नाकात शिरणारी उष्णता कमी होण्याऐवजी वाढली. दोन वर्षांनी, १९५६ मध्ये, याच संस्थेतील डीन चॅपमन यांनी अंगापासून सुटलेल्या प्रवाहाखाली उष्णता किती पोहोचते याचे गणिती विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यानुसार सुटलेला थर शांत, एकावर एक पदर सरकावेत तसा वाहत असेल, तर उष्णता अंगाला चिकटून वाहणाऱ्या थराच्या सुमारे ५६ टक्केच असायला हवी. एकच संस्था आणि अवघी दोन वर्षे. प्रयोग म्हणतो वाढते, गणित म्हणते घटते.

दोघांपैकी कोणी चुकले नव्हते. १९५९ साली क्रॉफर्ड यांनी लँग्ली येथे ध्वनीच्या ६.८ पट वेगात केलेल्या प्रयोगांतून गुंता बराचसा उलगडला. सारे काही त्या हवेच्या छत्रीच्या स्वभावावर अवलंबून होते. ती शांत राहिली तर नाक थंड राहते. ती खळबळली, तिच्यात भोवरे माजले, तर बाहेरची तप्त हवा आत ओढली जाते आणि जेथे छत्री खांद्याला टेकते तेथे उष्णतेचा मारा सळई नसतानाच्या पातळीच्याही वर जाऊ शकतो. त्याच वर्षी प्रिन्स्टनमध्ये बोग्डोनॉफ आणि वास यांनी माख १४ इतक्या वेगाचे प्रयोग मांडले. त्यासाठी हवेऐवजी हीलियम वायू वापरला, कारण इतक्या वेगापर्यंत प्रसरण पावताना हवा थंड होऊन द्रवरूप होऊ लागते. हीलियम होत नाही. तेथे दाब आणि उष्णता दोन्ही घटलेले दिसले.

म्हणजे सळई उष्णता घटवते का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘कधी कधी’ असे आहे. हे ‘कधी कधी’ किती अवघड असते ते पुढच्या तीन वर्षांत आणखी कळले. सळईची लांबी आणि नाकाचा व्यास यांचे प्रमाण बिघडले तर ती हवेची छत्री स्थिर राहत नाही. फुगते, कोसळते, पुन्हा फुगते, आणि हे सेकंदाला शेकडो-हजारो वेळा घडू शकते. मॉल यांनी १९६० मध्ये आणि वुड यांनी १९६२ मध्ये केलेल्या अभ्यासांत अशा स्पंदनांची नोंद आहे. आखूड सळई या बाबतीत विशेष खोडकर ठरते. शिवाय वाहन प्रवाहाला जरा तिरके झाले की छत्री एका बाजूला कलते आणि वाऱ्याकडच्या खांद्यावर मारा वाढतो. आणि स्वतः सळईच्या टोकाचे काय? टोक जितके बारीक तितके ते अधिक तापते; अ‍ॅलन यांनी बोथटपणाचा आग्रह धरला तो याच कारणाने. नाकाला वाचवण्यासाठी पुढे केलेली सळई उष्णतेचा पहिला वार स्वतःच्या टोकावर घेते.

हे अहवाल वाचताना मला सतत जाणवते ते असे की आपल्या धाग्यांत या ‘कधी कधी’ला जागाच नसते. १९५४ चा निष्कर्ष अपयश म्हणून गाळला जातो आणि १९५९ चा यश म्हणून ठेवला जातो. वस्तुतः १९५४ चे मापन नसते तर १९५९ मध्ये छत्रीच्या स्वभावाकडे लक्ष द्यावे असे कोणाला का वाटले असते? राजकीय इतिहासात आपण पराभूत पक्षाची कागदपत्रे आवर्जून वाचतो. कारखानीसी कागदांतील तोट्याच्या नोंदी वाचतो. तंत्रज्ञानाच्या इतिहासाकडे आलो की मात्र आपण एकाएकी विजेत्याचे बखरकार होतो.

आता सळईच्या सर्वांत मोठ्या यशाकडे येतो. येथे उष्णतेचा संबंध जवळजवळ संपतो आणि जागेच्या टंचाईचा प्रश्न सुरू होतो.

१९७० च्या दशकात अमेरिकेच्या नौदलाला पाणबुडीतून सुटणाऱ्या पोसायडन क्षेपणास्त्राची जागा घेणारे, अधिक पल्ल्याचे क्षेपणास्त्र हवे होते. अट अशी की ते त्याच पाणबुड्यांच्या त्याच नळकांड्यांत मावले पाहिजे. पोसायडनची लांबी सुमारे १०.४ मीटर आणि व्यास सुमारे १.९ मीटर, नव्या ट्रायडेंट-१चीही मापे तीच ठेवावी लागली. पल्ला वाढवायचा तर तिसरा टप्पा हवा, पण लांबी वाढवता येत नाही. अभियंत्यांनी तिसऱ्या टप्प्याची मोटर थेट नाकात, मधोमध उभी केली आणि अण्वस्त्रे तिच्याभोवती कडे करून बसवली. जागा साधली, पण नाक रुंद आणि बोथट झाले. पाण्यातून बाहेर पडून दाट हवेतून स्वनातीत वेगाने वर चढणाऱ्या क्षेपणास्त्रासाठी हे वाईट नाक होते.

उत्तर होते जुनी सळई, या वेळी घडीची. प्रक्षेपणापूर्वी ती नाकात मिटलेली असते, त्यामुळे नळकांड्यात जागा अडवत नाही. क्षेपणास्त्र पाण्याबाहेर आले आणि पहिला टप्पा पेटला की ती दुर्बिणीच्या नळीसारखी भागाभागांनी पुढे सरकते. तिच्या टोकाशी एक लहानशी चकती असते. या व्यवस्थेने समोरचा वायुरोध सुमारे निम्म्याने घटला आणि पल्ल्यात सुमारे ५५० किलोमीटरची भर पडली, असे उपलब्ध तांत्रिक वर्णनांत दिलेले आहे. जाता जाता : ट्रायडेंटच्या नाकावरील आवरण सिट्का स्प्रूस या झाडाच्या लाकडाचे होते. पहिल्या महायुद्धातील विमानांचे सांगाडे ज्या लाकडाचे, तेच हे. अण्वस्त्रयुगाच्या नाकाला सुताराचा हात लागलेला आहे, ही गोष्ट मला त्या सळईपेक्षाही अधिक विलक्षण वाटते.

पुन्हा लक्ष द्यावे : ही सळई चढतानाची आहे. तिचे काम दाट हवा ओलांडताना वायुरोध कमी करण्याचे. अवकाशात पोहोचेपर्यंत नाकाचे आवरण आणि सळई दोन्ही टाकून दिलेली असतात, आणि परत येणारी अण्वस्त्रे स्वतःच्या वेगळ्या उष्णतारोधक कवचांत येतात. ‘ट्रायडेंटची सळई वातावरणात परतताना क्षेपणास्त्राला वितळण्यापासून वाचवते’ असे वाक्य मी अनेक ठिकाणी वाचले आहे. बोथट नाकाची आणि सळईची कथा एकत्र गुंफली की असे घोटाळे अटळ होतात.

५५० किलोमीटर म्हणजे किती, हे नकाशावर पाहावे. पोसायडनचा पल्ला सुमारे ४,६०० किलोमीटर होता, ट्रायडेंट-१चा सुमारे ७,४००. ही सारी वाढ सळईची नव्हे. हलकी मोटर-कवचे, अधिक ऊर्जेचे इंधन आणि तिसरा टप्पा यांचा वाटा मोठा. पण तिसरा टप्पा नाकात ठेवणे शहाणपणाचे ठरले ते सळईमुळे. आणि पल्ला वाढला की पाणबुडीला लपण्यासाठी मिळणारा समुद्र वाढतो. शत्रूला शोधावे लागणारे पाणी लक्षावधी चौरस किलोमीटरनी विस्तारते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे परक्या भूमीवरील तळांची गरज कमी होते. अमेरिकेच्या पोसायडन पाणबुड्यांचा एक तळ स्पेनमध्ये रोटा येथे होता. १९७५ मध्ये फ्रँकोचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी झालेल्या करारात अमेरिकेने १९७९ च्या जुलैपर्यंत अण्वस्त्रवाहू पाणबुड्या रोटाहून हलवण्याचे मान्य केले. त्या पाणबुड्या जॉर्जियातील किंग्ज बे येथे आल्या. अमेरिकी किनाऱ्यावरून निघूनही लक्ष्य आवाक्यात ठेवायचे तर लांब पल्ल्याचे क्षेपणास्त्र हवेच. ट्रायडेंट-१ची पहिली चाचणी १९७७ च्या जानेवारीत झाली आणि ऑक्टोबर १९७९ मध्ये ते घेऊन पहिली पाणबुडी गस्तीवर गेली. तिचे नाव ‘फ्रान्सिस स्कॉट की’. अमेरिकेच्या राष्ट्रगीताचे शब्द लिहिणारा तो कवी. मूळची पोलारिससाठी बांधलेली आणि नंतर पोसायडन वाहणारी अशी ही पाणबुडी होती. नळकांडी तीच, क्षेपणास्त्र नवे.

सळईचा इतिहास लिहायचा तर माझ्या मते त्याचे मधले पान हे असायला हवे. १९४७ पासून युक्ती ठाऊक होती, १९५० च्या दशकात ती मोजून झाली होती, १९६० च्या दशकारंभी तिच्या खोडीही कळल्या होत्या. तरी लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रावर ती चढायला १९७० चे दशक उजाडावे लागले. कारण भौतिकशास्त्रात नवे काही घडले असे नव्हे. नळकांड्याची लांबी बदलता येत नव्हती आणि परक्या बंदरांचा भरवसा सरत चालला होता. शिवाय हे विसरून चालणार नाही की तिने वाचवलेल्या प्रत्येक किलोमीटरवर प्रत्येकी सुमारे १०० किलोटनांची आठपर्यंत अण्वस्त्रे प्रवास करू शकत होती. युक्ती देखणी आहे असे वर म्हटले; तिच्या देखणेपणाचे कौतुक करताना ती कशाच्या पुढे उभी होती हेही तितक्याच ठळक अक्षरांत लिहावे.

हीच गरज एका अगदी लहान शस्त्रातही दिसते. खांद्यावरून डागले जाणारे सोव्हिएत ‘इग्ला’ क्षेपणास्त्र १९८० च्या दशकारंभी सेवेत आले. इग्ला म्हणजे रशियन भाषेत सुई. विमानाच्या इंजिनाची उष्णता ‘पाहणारा’ त्याचा डोळा अर्धगोल काचेमागे बसतो. काच टोकदार केली तर दृष्टी विकृत होते. म्हणजे नाक बोथट ठेवणे भाग. मग त्या डोळ्यापुढे बारीक सळई. वेग ध्वनीच्या साधारण दुप्पट, म्हणजे हायपरसॉनिकच्या, ध्वनीच्या पाचपटीच्या, जवळपासही नाही. भारतीय सैन्याकडेही इग्ला आहे. त्याचे छायाचित्र मिळाले तर नाक अवश्य पाहावे. अवकाशकुपीशी त्याचा काडीचाही संबंध नाही, आणि तरी सळईच्या घराण्यातील ते सच्चे वारस आहे : नाक दुसऱ्याच कारणाने बोथट, वेगाची मात्र घाई.

(नावाचा एक गोंधळ येथेच दूर करतो. ‘एरोस्पाइक’ याच नावाचे एक रॉकेट-इंजिनही आहे. २००१ मध्ये रद्द झालेल्या एक्स-३३ यानासाठी ते विकसित केले जात होते. ते यानाच्या शेपटीकडचे, वायू बाहेर टाकण्याच्या तोटीचे तंत्र. आपली सळई नाकाकडची. शोधयंत्रात हे नाव टाकले की पहिली कित्येक पाने त्या इंजिनानेच भरलेली मिळतात, आणि काही धाग्यांत दोघांची सरमिसळही झालेली आहे.)

सळईचा अभ्यास थांबलेला नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील आघातबोगद्यात केलेले आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग मला विशेष आवडतात. १२० अंशांच्या कोनाचा अतिबोथट शंकू, त्यापुढे निरनिराळ्या टोकांच्या सळया, आणि ध्वनीच्या ५.७५ पट वेगाचा प्रवाह. अशा बोगद्यात उपयुक्त प्रवाह टिकतो जेमतेम एक मिलिसेकंद. एवढ्या वेळात वायुरोध मोजायचा कसा? प्रतिकृती रबराच्या मऊ आधारांवर अशी बसवायची की त्या क्षणापुरती ती जणू मोकळीच आहे. आत त्वरणमापक ठेवायचा आणि ती किती जोराने मागे ढकलली जाते यावरून बल काढायचे. सपाट चकतीच्या टोकाच्या सळईने प्रवाहाला समोरासमोर असताना वायुरोध निम्म्याहून अधिक घटवला. ट्रायडेंटच्या टोकाशीही चकतीच होती, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल.

या प्रयोगांतही तो जुना दुभंग कायम आहे. वायुरोधाचा आकडा ठळकपणे घटतो. उष्णतेचा प्रश्न आला की ‘सळईची लांबी किती, टोक कसले, कोन किती, थर शांत की खळबळलेला’ अशी विचारणा करावी लागते. ‘वायुरोध आणि उष्णता कमी करणारी सळई’ असा जोडशब्द सर्रास वापरला जातो. त्यातील ‘आणि’ हा १९५४ पासून वादग्रस्त आहे.

ज्यांना मूळ कागद पाहण्याची हौस आहे त्यांच्यासाठी चांगली बातमी : नाकाचे, म्हणजे त्या अमेरिकी समितीचे, एके काळी गोपनीय असलेले पुष्कळ अहवाल आता नासाच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. सुरुवात अ‍ॅलन-एगर्स यांच्यापासून करू नये. ते सगळेच वाचतात. १९५४ चा स्टाल्डर-नील्सन अहवाल उघडावा. गणित फारसे नाही. प्रथम आलेख पाहावेत, सळई लावलेल्या आणि न लावलेल्या नाकाची उष्णता शेजारी शेजारी ठेवून, आणि मग मागे जाऊन मजकूर वाचावा.